आडव्या टाकीची काठी

"साहेब, टाकी आडवी आहे आणि पोटानं गोल आहे. मग काठीवर पाव दिसलं, की आत डिझेल खरंच पाव असतं का?"

हा प्रश्न मी विचारला. खंडेनवमीच्या दिवशी, पावणे गावातल्या, माझ्या आप्पांच्या कंपनीत, भर पूजेत. आरती नुकतीच संपली होती, सगळ्यांचे हात प्रसादाकडे वळले होते आणि सबनीस साहेब "कुणाला काही विचारायचंय का?" असं उगाच म्हणायचं म्हणून म्हणाले होते. कुणी विचारत नसतं. मी विचारलं. आणि माझा आवाज म्हणजे काय, ऑगस्टात वक्तृत्वात पहिला नंबर काढल्यापासून तो घरात मावत नाही असं आई म्हणते. बॉयलरच्या शेडमध्ये तर तो असा घुमला की भटजींनी शंख खाली ठेवला.

खरं सांगायचं तर प्रश्न माझा नव्हता, मनस्वीचा होता. कंपनीत पूजेला घरच्यांना आत सोडतात, म्हणून मी मनस्वी आणि ज्ञानेश्वरी दोघींना मैत्रिणी म्हणून घुसवलं होतं. बॉयलरला हार, पंपाला हार, आणि बॉयलरच्या शेजारी आडव्या पडलेल्या छोट्या टाकीच्या गोल तोंडावर हळदीचं स्वस्तिक. टाकीला टेकवून आप्पांची काठी उभी केली होती. सागाची, गुळगुळीत, तिच्यावर करवतीनं पाडलेल्या खुणा, आणि टोकाला कुंकू. ही काठी टाकीत घालायची, बाहेर काढायची, कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं, म्हणजे आत किती डिझेल आहे ते कळतं. माझे आप्पा, सयाजी, बॉयलर ऑपरेटर आहेत, आणि ही काठी त्यांनी स्वतः केलेली.

मनस्वी बोनकोड्याची. तिच्या आजोबांची तिथं भातशेती होती, आता वडलांची चाळ आहे. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"पुतले, बग ना गो. काठी म्हंजे फूटपट्टीच हाय. सगल्या खुना सारक्या अंतरावर. नि टाकी त गोल हाय."

"मग?"

"मंग इचार ना त्या साहेबाला. भाषनात त लय बोलतेस."

"नाही विचारणार ती," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पेढा हातात पडेपर्यंत पुतळा बोलत नसतो. विचारलंस तर माझ्याकडून बर्फाचा गोळा. कालाखट्टा."

माझं नाव पुतळा. पणजीचं आहे, माझा इलाज नाही. पण कालाखट्टा तो कालाखट्टा, आणि डेअर ते डेअर. विचारलं.

साहेब हसले. "अरे वा, सयाजीराव, मुलगी तुमचीच ना? काठी तुम्ही केलीत, उत्तर तुम्हीच द्या."

आप्पा पुढं आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध. माझ्याकडं बघून अभिमानानं हसले आणि म्हणाले, "पाव म्हंजी पाव, साहेब. काठी खोटं बोलत न्हाई."

सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवणार होते, पण माझे हात वरच उठेनात. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. काठी खोटं बोलत नाही. एप्रिलमध्ये दत्तूकाकांच्या चौकशीत आप्पा नेमकं हेच बोलले होते, घरी येऊन त्यांनीच सांगितलं होतं.

दत्तूकाका आणि आप्पा एका गावचे, कोरेगाव तालुक्यातले. आप्पांनीच त्यांना मुंबईला आणलं, आपल्याच बॉयलरवर लावलं. आम्ही कोपरखैरण्याला सिडकोच्या बैठ्या घरात, ते बोनकोड्याला मनस्वीच्या वडलांच्या चाळीत. त्यांची राजनंदिनी आणि मी पाचवीपासून एका बाकावर. सुंदराकाकू, म्हणजे तिची आई, हसायच्या त्या पदर तोंडाला लावून, आणि मी गेले की माझ्या केसांत हमखास त्यांच्या कुंडीतलं अबोलीचं फूल. मग काकूंची किडनी बिघडली. दिवसा त्यांना दवाखान्यात न्यावं लागायचं, म्हणून दत्तूकाकांनी साहेबांना विनंती करून कायमची रात्रपाळी मागून घेतली.

त्याच सुमारास, गेल्या दिवाळीत, कंपनीत जुनी उभी टाकी गळायला लागली म्हणून काढली. शेडचं छप्पर बुटकं, म्हणून नवी आडवी आणली. आप्पांनी तिच्या मापाची नवी काठी केली. जुन्या काठीवर खुणा सारख्या अंतरावर होत्या, नवीवरही तशाच पाडल्या. आणि साहेबांनी स्पर्धा लावली: ज्याच्या पाळीत डिझेल कमी जळेल त्याला खंडेनवमीला बक्षीस.

टाकी रोज सकाळी पहिली पाळी भरून घेते. काठोकाठ नाही, वर थोडी जागा सोडून. मग दिवसभर उतरत जाते आणि रात्रपाळी संपता संपता तळाशी येते. पाळी बदलताना दोघं मिळून काठी घालतात. बॉयलर तोच, वाफ तेवढीच, काम तेवढंच. पण काठी बोलायला लागली की रात्री डिझेल जास्त जातं. रोज. साधारण एक कॅन.

रात्री एक कॅन जास्त जातो म्हणजे कुठं जातो? कुणीतरी म्हणालं, कंपाउंडच्या भिंतीवरून. कुणीतरी म्हणालं, बायकोचं आजारपण आहे, पैसा लागतोच. भिंतीवरून जाणारा कॅन कुणी पाहिला नव्हता, पण काठी होती ना! चौकशीत आप्पांना विचारलं, काठीत काही गडबड? आप्पा म्हणाले, काठी खोटं बोलत नाही. दत्तूकाकांना काढलं. त्यांच्या जागी आलेल्याच्या पाळीतही काठी तेच बोलत राहिली, तर रात्रीवाले सगळेच तसले म्हणून लोक मोकळे झाले.

आप्पांनी मुद्दाम केलं नाही हो. ते त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. "दोस्त हाय म्हनून खोटं बोलू व्हय?" असं भिंतीलाच म्हणाले. मला तेव्हा वाटलं होतं, काय माझे आप्पा! हरिश्चंद्रच.

राजनंदिनीनं दुसऱ्या दिवशी बाक बदलला. मी तिच्या मागं मागं गेले तर म्हणाली, "पुतळे, माझ्याशी बोलू नकोस. माझा बाप चोर आहे ना? तुझ्या वस्तू जातील." श्रावणात सुंदराकाकू गेल्या. त्यानंतर राजनंदिनीला मामाकडं गावाला पाठवलं, शाळेतून नाव काढलं. दत्तूकाका आता तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहतात आणि चाळीत आले की दार लावून घेतात. मनस्वी सांगते, "कुनाशी बोलत नाय. बाबानं खोलीचा भारा पन मागायचा सोरलाय."

त्या खंडेनवमीला शेवटी बक्षीसही दिलं गेलं. दुसऱ्या पाळीत सगळ्यात कमी डिझेल जाळल्याबद्दल, आप्पांना. भिंतीवरचं घड्याळ. आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं द्यायला सगळी गल्ली आली, दत्तूकाका आले नाहीत. दरवर्षी पहिले तेच असायचे.

गोळा मी खाल्ला. ज्ञानेश्वरीनं शब्द पाळला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. शाळा सुरू झाली तर भूमितीत काय, वृत्तखंडाचं क्षेत्रफळ! वर्तुळाचा जीवेनं कापलेला तुकडा. मी ताडकन उठूनच बसले. टाकीचं तोंड वर्तुळ, डिझेलची पातळी म्हणजे जीवा, खालचा तुकडा म्हणजे वृत्तखंड! तासात मागच्या बाकावर करून टाकलं. पातळी व्यासाच्या पाव उंचीवर धरली की मध्यबिंदूपाशी कोन बरोबर एकशेवीस अंशांचा येतो, एकदम सोपं गणित. उत्तर आलं ते पाव नव्हतंच. पाचव्या हिश्शाहूनही जरा कमी.

म्हणजे मनस्वी बरोबर! आप्पा चूक! साहेब चूक, आणि ते तर इंजिनिअर! काय सांगू मला किती आनंद झाला. शाळा सुटली तशी पळत घरी आले, आई दळणाला गेलेली. कागदावरचं गणित मला पुरत नाही, मला हातानं करून बघायला आवडतं. आईची पापडाची प्लास्टिकची बरणी घेतली, झाकण गच्च लावलं, आडवी पाडली, हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना बटाटे लावले. सुरी गॅसवर तापवून वरच्या अंगाला भोक पाडलं. खराट्याची एक हीर घेतली, तीच माझी काठी. मग वाटी वाटीनं पाणी ओतायला लागले. एक वाटी ओतायची, हीर उभी बुडवायची, नखानं खूण करायची.

पहिल्या वाटीला हीर चांगली तीन बोटं भिजली. दुसरीला त्याहून कमी. बरणी निम्म्याला आली तेव्हा तर एका वाटीनं जेमतेम एक बोट चढायचं. वाटी तीच, पाणी तेवढंच, आणि खुणा मात्र तळाशी लांब लांब, मध्ये दाटीवाटीनं. मी नाचलेच. एकटी, स्वयंपाकघरात. "पुतळाबाई, तुम्ही सॉलिड आहात," असं मोठ्यानं म्हटलं.

मग म्हटलं आता उलट बघू. भरलेली बरणी रिकामी करताना काय होईल? मध्ये आहे तोवर वाटीमागं एक बोट उतरेल. आणि तळाशी आली की तेवढ्याच वाटीला तीन बोटं. सारख्या खुणांच्या काठीवर कुणी बघितलं, तर त्याला वाटेल की तळाशी पाणी जास्त जातंय.

तळाशी. रात्री.

हीर माझ्या हातात होती. मी खाली बसले. ओट्यावरून पाणी ठिबकत होतं ते माझ्या पाठीवर पडत होतं. कॅन गेलाच नव्हता. भिंतीवरून नाही, गेटातून नाही, कुठूनच नाही. रात्री जो चोरीला गेला तो आणि दुसऱ्या पाळीत आप्पांनी जो वाचवला तो, एकच कॅन होता, आणि तो कधी टाकीबाहेर आलाच नव्हता. सकाळी टाकी भरताना चोवीस तासांचा हिशेब रोज जुळत होता. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही.

आई आली. "अगं बया! माझी पापडाची बरनी भोसकलीस?" म्हणून ओरडली आणि माझं तोंड बघून तिथंच थांबली. पिठाचा डबा खाली न ठेवता म्हणाली, "काय झालं गं?"

मी सांगितलं. रडत सांगितलं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. आईनं पिठाचा डबा ठेवला आणि माझ्याशेजारी त्या ओल्या फरशीवर बसली.

आप्पा एरवी दुसऱ्या पाळीला असतात, त्या आठवड्यात पहिल्या पाळीला होते. उन्हं कलायच्या आत आले. चपला काढतानाच म्हणाले, "वेणू, च्या टाक. आज लई तापलंय."

आई उठली नाही. मी म्हणाले, "आप्पा, इकडं या. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

"काय गं? पुन्हा नंबर आला व्हय?"

मी बरणी खाली फरशीवर घेतली आणि रिकामी करून पुन्हा सुरुवात केली. आप्पा चेष्टेत उकिडवे बसले, गुडघ्यावर हात. पहिली वाटी, तीन बोटं. दुसरी. तिसरी. मध्ये आले तेव्हा त्यांची चेष्टा गेली.

"बरनीचा आन् कंपनीच्या टाकीचा काय संबंध? ती पत्र्याची हाय."

"पत्र्याची काय आणि प्लास्टिकची काय, गोल ती गोलच ना आप्पा?"

"तुला काय कळतंय? बारा वर्सं काठी घालतूय मी टाकीत."

"उभ्या टाकीत घालत होता. उभ्या टाकीला खालवर सारखीच रुंदी. ही आडवी आहे. हिचा तळ अरुंद, मधे पोट."

"गप बस."

मला खरंच वाटलं आता मार बसणार. पण आप्पांनी माझ्या हातातली वाटी घेतली. बरणी मोरीत ओतून रिकामी केली, बटाटे नीट लावले, आणि स्वतः ओतायला लागले. त्यांच्या हाताला वाटी लहान दिसत होती. हीर बुडवायची, डोळ्याजवळ न्यायची, अंगठ्यानं माप घ्यायचं. एकदा झालं. पुन्हा ओतून पुन्हा केलं. मधल्या वाट्यांच्या खुणांवर अंगठा ठेवला, मग तळाच्या खुणेवर ठेवला, तिथं अंगठा पुरला नाही.

मग ते पाणी बघतच बसले.

"दत्तू म्हनला हुता मला," आप्पा म्हणाले. आवाज असा, जणू दुसऱ्याच कुणाचा. "म्हनला, सयाजी, पहाटं पहाटं टाकी पळती रं. मधीच झपाझपा उतरती, मला कळंना झालंय. मी म्हनलं, टाकीला काय पाय हायेत व्हय? समदी हसली त्येला. मीबी हसलो."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"सुंदरानं मला इचारलं हुतं," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडं बघितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"दवाखान्यात. शेवटी शेवटी. दत्तूभावजी औशिद आनायला खाली गेल्तं. माझा हात धरला तिनं आन् म्हनली, वेणू, खरं सांग, ह्यांनी माझ्या दुखन्यापायी घेतलं आसंल का गं? तसं आसलं तर मला मेल्यावर बी जाळ लागंल." आईनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "म्या म्हनलं, द्येव जानं. दुसरं काय म्हनायला येईना मला. तुमी साक्ष दिल्ती. तुमच्या इरुद्ध कसं बोलू? द्येव जानं म्हनलं. आन् ती तशीच गेली."

आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्या आप्पांना मी रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि मला ते बघायचं नव्हतं. मी नजर फिरवली तर समोर आई. तिच्याकडंही बघवेना. मग मी बरणीकडं बघितलं. मला वाटत होतं, गणित बरोबर आलं की माणसाला बरं वाटतं. शाळेत वाटतं. बरोबरची खूण मिळते, मार्क मिळतात, मागच्या बाकावरची पोरं "दाखव ना" म्हणतात. हे गणित दिवाळीत आलं असतं तर. निदान श्रावणाच्या आधी. सुंदराकाकूंच्या कॉटशेजारी बसून मी बरणी आडवी पाडून दाखवली असती. त्यांना चौथीपर्यंतच शाळा, पण त्यांना कळलं असतं. तेल मोजून वापरणारी बाई ती. एका वाटीत समजलं असतं.

मग आप्पांनी तोंड पुसलं. "आता सांगून काय हुनार? सुंदरा यायची हाय व्हय माघारी?"

"नाही," मी म्हणाले.

"आन् साहेब म्हनतील, काठी तू केलीस, साक्ष तू दिलीस. मंग माझी नोकरी? तुझी धाव्वी? कारकून लोक हसत्याल, पोरीनं बापाला शिकिवलं म्हनून."

"हसू देत ना आप्पा. दत्तूकाकांनाही हसले होते सगळे."

आप्पा माझ्याकडं असे बघायला लागले की मला वाटलं आपण फार बोललो. पण माघारही घेता येईना.

"गाववाले हाय आमी," आप्पा हळू म्हणाले. "त्येच्या बापानं मला नांगर धराय शिकिवलं. मी त्येच्याकडं कोंच्या तोंडानं जाऊ? दार लावून घील त्यो."

"लावू देत."

"पुतळे," आई म्हणाली, "त्यांना दम तर खाऊ दे. बघू चार दिसांनी. दिवाळी हून जाऊ दे."

दिवाळी. चाळीत एकटे दत्तूकाका, गावाला राजनंदिनी, आणि आम्ही चकल्या तळणार. रोज सकाळी मार्केटात कुणीतरी त्यांना म्हणत असेल, तो बघ, कंपनीतून काढलेला. आणि त्यांना स्वतःलाही माहीत नाही की टाकी का पळत होती. कदाचित त्यांनाही आता वाटत असेल की आपल्याच डोळ्यादेखत कुणीतरी चोरून नेलं आणि आपल्याला राखता आलं नाही. त्यांना चोर म्हणणाऱ्या सगळ्यांत फक्त आम्ही तिघं असे होतो, ज्यांना खरं ठाऊक होतं. आजपासून. या फरशीवर बसलेले तिघं.

मी उठले. गणवेश मागून पार भिजला होता. तोंडावर पाणी मारलं, केस नीट केले. वक्तृत्वाच्या वेळी स्टेजवर जाताना टाळ्यांची आशा असते. आता कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं. राजनंदिनीही नाही. ती कदाचित माझं तोंडही बघणार नाही, आणि मला ते चालेल. नाही, चालणार नाही, पण मी सोसेन.

"आई, आप्पा," मी म्हणाले, "मी आत्ता बोनकोड्याला चाललेय, दत्तूकाकांकडं. दार लावून घेतलं तर बाहेरून ओरडून सांगेन, सगळी चाळ ऐकेल असं. डिझेल चोरीला गेलं नव्हतं हे सांगणार आहे, आणि काठीवरच्या खुणा कुणी पाडल्या तेही."